आधी पेट्रोलचा दाब, मग लॅपटॉप: मॉडिफाय केलेल्या इंजिनाचं फ्युएल प्रेशर कसं लावावं

टर्बो बसला, मोठे इंजेक्टर बसले, नवा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आला, आणि तरीही गाडी वरच्या आरपीएमला मिस मारते. अशा वेळी लॅपटॉप उघडून आठवडाभर मॅप (ईसीयूतले पेट्रोलचे तक्ते) घासत बसणारे पुष्कळ. मीही बसलो आहे. चार संध्याकाळी फ्युएल टेबलमधले आकडे खालीवर करत होतो. आज जुळलेलं मिक्श्चर उद्या बिघडायचं. शेवटी वैतागून रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर गेज लावला, तेव्हा उलगडा झाला. पंपाची अर्थची वायर टाकीजवळ गंजली होती, आणि इंजिनाने जोर मागितला की दाब खाली ओघळत होता. मॅपचा काहीच दोष नव्हता. त्या दिवसापासून माझा क्रम ठरला आहे: आधी दाब पक्का, मग लॅपटॉपला हात.

खाली लिहिलेलं सगळं पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाला लागू आहे, म्हणजे जिथे इंजेक्टर इनटेकच्या नळीत पेट्रोल उडवतो आणि जास्तीचं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन असेल तर इथेच थांबा. त्यातला हाय प्रेशर पंप ५० पासून २०० बारच्याही वर दाब तयार करतो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. या लेखातला गेज आणि होज तिथे चालत नाहीत.

ईसीयू पेट्रोल मोजत नाही

इथूनच सगळं सुरू होतं. ईसीयूला पेट्रोल दिसत नाही. तो फक्त वेळ ठरवतो: इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघडा ठेव. नळ किती वेळ सोडला होता एवढ्यावरून बादली किती भरली हे सांगायचं असेल, तर नळाला पाण्याचा जोर रोज सारखाच हवा. तो जोर सारखा ठेवणं हेच रेग्युलेटरचं काम.

पण इंजेक्टरच्या दृष्टीने जोर म्हणजे निव्वळ रेलमधला दाब नव्हे. इंजेक्टरच्या मागे रेलचं पेट्रोल असतं आणि पुढे मॅनिफोल्डमधली, म्हणजे इनटेकच्या नळ्यांमधली हवा. खरा हिशेब या दोघांमधल्या फरकाचा. समजा रेलमध्ये ठाम ३ बार आहे, म्हणजे ४३.५ पीएसआय, आणि रेग्युलेटर मॅनिफोल्डशी जोडलेलाच नाही. आयडलला मॅनिफोल्डमध्ये सुमारे ०.६५ बारचा व्हॅक्यूम असतो, तो पेट्रोल ओढतो, फरक ३.६५ बार होतो आणि हिशेबापेक्षा सुमारे १० टक्के जास्त पेट्रोल जातं. आता १ बार बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब, द्या. हवा इंजेक्टरच्या तोंडावर उलटा रेटा देते, फरक २ बारवर येतो आणि पेट्रोल १८ टक्क्यांनी कमी पडतं. नेमकं जेव्हा इंजिनाला सर्वांत जास्त हवं असतं, तेव्हा.

म्हणून रेग्युलेटरच्या डोक्यावर ती बारीक नळी असते. आत एक पडदा, म्हणजे डायफ्रॅम. त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि मॅनिफोल्डची हवा. पेट्रोलचा रेटा स्प्रिंगला भारी पडला की झडप उघडते आणि जास्तीचं पेट्रोल टाकीकडे जातं. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असला की तो पडदा वर ओढतो, झडप लवकर उघडते, रेलचा दाब उतरतो. बूस्ट आला की हवा स्प्रिंगच्या मदतीला धावते आणि दाब तेवढाच चढतो. १ बार बूस्टला रेलमध्ये ४ बार, फरक पुन्हा ३. यालाच एकास एक रेग्युलेटर म्हणतात, आणि ईसीयू बदललेल्या गाडीत हाच बसवायचा.

बाजारात रायझिंग रेट नावाचा दुसरा प्रकारही मिळतो. तो बूस्टच्या दर पीएसआयमागे आठ-बारा पीएसआय दाब वाढवतो. ज्या काळी कंपनीचा ईसीयू बदलता येत नसे, त्या काळी कमी बूस्टच्या टर्बो किटमध्ये हा जुगाड चालून जायचा. आज ईसीयू ट्यून करता येत असताना तो वापरायला मला एकही कारण दिसत नाही.

थोडा इतिहासही मजेशीर आहे. बॉशची डी-जेट्रॉनिक ही १९६७ साली आलेली इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत सुमारे २ बारच्या ठरावीक दाबावर चालायची; तिच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी नव्हती, कारण ती मॅनिफोल्डचा दाब मोजूनच पेट्रोल ठरवायची. पुढे नळी आली. आणि आजच्या पुष्कळ रिटर्नलेस (रेलपासून परतीची लाइन नसलेल्या) गाड्यांमधून ती पुन्हा गेली: रेलमध्ये साधारण ४ बार कायम, बाकीचं गणित ईसीयूचं. तेव्हा नळी असणं-नसणं हा धर्म मानू नका. इंजेक्टरवरचा खरा फरक ईसीयूला ठाऊक असला पाहिजे, एवढंच.

दाब वाढवून इंजेक्टर मोठा होतो का?

थोडासा. दाब आणि प्रवाह यांचं नातं वर्गमुळाचं आहे. नवा दाब भागिले जुना दाब, त्याचं वर्गमूळ, गुणिले जुना प्रवाह. ३ बारला मिनिटाला ४४० सीसी देणारा इंजेक्टर ३.५ बारला ४७५ सीसी देतो आणि ४ बारला ५०८. म्हणजे दाब एक तृतीयांशाने वाढवला, पेट्रोल मिळालं फक्त साडेपंधरा टक्के. प्रवाह दुप्पट करायला दाब चौपट लागेल, म्हणजे १२ बार. एवढ्यात पंप कधीच मान टाकेल आणि इंजेक्टर उघडायलाच कुरकुर करेल.

पंपाचं दुखणं तर उलट्या दिशेने वाढतं. दाब जितका जास्त, तितकं तो कमी पेट्रोल देतो आणि वर जास्त करंट ओढतो. खोक्यावर ताशी २५५ लिटर लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. तो आकडा कुठल्या दाबाला आणि किती व्होल्टला मोजला आहे ते त्याच्या आलेखात पाहा. ४ बार बेस (बूस्ट किंवा व्हॅक्यूम नसतानाचा दाब) आणि वर दीड बार बूस्ट म्हणजे पंपाला साडेपाच बारशी कुस्ती करायची आहे. त्या दाबावरचा आकडा तुमचा.

ताकदीवरून गरज काढायचं गणित सोपं आहे. टर्बो इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण ०.२७ किलो पेट्रोल लागतं, टर्बोविना ०.२३ च्या आसपास. ३०० हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन धरू. ताशी ८१ किलो, म्हणजे जवळपास १०९ लिटर. एका इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला ४५४ सीसी. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो. ८० टक्के ड्युटीवर थांबायचं तर ५७० सीसीचा इंजेक्टर हवा. ड्युटी म्हणजे काय ते एकदा डोक्यात बसवा: ६००० आरपीएमला एका पूर्ण चक्राला २० मिलिसेकंद मिळतात, त्यातले १६ इंजेक्टर उघडा. उरलेल्या चारात त्याला बंद होऊन पुन्हा उघडायचं असतं.

पंपाला यावर २० टक्के शिल्लक ठेवा: ताशी १३० लिटर, आणि तेही बूस्टमधल्या पूर्ण दाबावर. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) इंधन घालणार असाल तर घनफळाने आणखी तीस ते चाळीस टक्के धरा. पेट्रोलचं आदर्श मिश्रण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग इंधन, तर ई८५ चं ९.८ च्या जवळ. अनेकांची ई८५ ची हौस पंपापाशीच अडते.

गाडी उघडण्याआधी

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वगळू नका. इंजिन थंड असू द्या. मोकळ्या हवेत काम करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडू द्या, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. एवढ्याने बहुतेक दाब उतरतो, तरी थोडा उरतोच, म्हणून नट सैल करताना भोवती जाड फडकं धरा. बॅटरीची निगेटिव्ह सोडा. पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी ठेवा. ते गाडीच्या डिकीत ठेवून उपयोग नाही. डोळ्यांवर चष्मा. उघड्या बल्बचा हॅंडलॅम्प नको, तो पडून फुटला की ठिणगी तयारच.

मांडणी आणि होज

क्रम असा: टाकीतली जाळी, पंप, फिल्टर, रेल, रेल संपल्यावर रेग्युलेटर, आणि तिथून रिटर्न टाकीत. रेग्युलेटर रेलच्या नंतर असला की ताजं थंड पेट्रोल सतत सगळ्या इंजेक्टरसमोरून फिरत राहतं. पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी पुरते, नंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. याची अदलाबदल केली तर बारीक फिल्टर पंपाचं ओढणंच गुदमरवतो आणि पंप किंचाळायला लागतो.

होजवर पैसे वाचवू नका. कार्ब्युरेटरच्या काळातला एसएई ३०आर७ होज आणि इंजेक्शनचा ३०आर९ होज दिसायला सारखेच असतात. पहिला इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलाच नाही. टाकीच्या आत बुडणारा तुकडा लागला तर ३०आर१०, कारण बाहेरचा होज पेट्रोलमध्ये बुडवला की तो बाहेरून विरघळतो. क्लिपही इंजेक्शनच्या, गुळगुळीत पट्ट्याच्या. भोकं पाडलेल्या पट्ट्याची साधी स्क्रू क्लिप होजला कापते. ३०० हॉर्सपॉवरला एएन-६ मापाची लाइन, म्हणजे ३/८ इंच, सहज पुरते. ताकद बरीच वाढवायची असेल तर फीड एएन-८ करतात, पण रिटर्नकडे त्याच वेळी बघा. कंपनीची बारीक रिटर्न लाइन मोठ्या पंपाखाली गुदमरते, ते पुढे येईलच.

रेग्युलेटर शक्यतो बॉडीवर बसवा, इंजिनाच्या थरथरीपासून दूर. डोक्यावरची नळी थेट प्लेनमला (मॅनिफोल्डच्या हवेच्या पेटीला), थ्रॉटलनंतरच्या, इंजिनाकडच्या बाजूला. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, बूस्ट गेज, ब्रेक बूस्टर यांच्यासोबत टी मारून वाटून घेऊ नका. मध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह नको. आणि दोन्ही टोकांना क्लिप किंवा टाय लावाच. आयडलला व्हॅक्यूम नळीला धरून ठेवतो, बूस्ट मात्र ती उडवतो. उडाली की दाब ४ वरून ३ ला येतो, मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं), आणि पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. दोन टायची गोष्ट आहे.

गेजबद्दल एक इशारा. ग्लिसरीन भरलेला गेज बॉनेटखाली तापला की आतली हवा फुगते आणि आकडा चुकतो. बेस लावण्यापुरता तो ठीक, तोही थंड असताना. कायमचं मोजमाप ०.५ ते ४.५ व्होल्टच्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरने करा आणि ते ईसीयूत नोंदवा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये, डॅशबोर्डवरच्या गेजपर्यंत आणलेली मी पाहिली आहे. असं कधीही करू नका.

पंपाची वीजही मांडणीचाच भाग आहे. बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर, टाकीजवळ रिले, आणि जुनी पंपाची वायर आता फक्त रिले चालू करणार. म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप थांबवणं ईसीयूच्याच हाती राहतं. अपघातात हे जीव वाचवतं. स्विचवर थेट पंप जोडू नका. चालू इंजिनात बॅटरीवर १४ व्होल्ट असतील तर पंपाच्या टर्मिनलवर साडेतेराच्या खाली दिसता कामा नये.

बेस प्रेशर लावणं

फ्यूज परत लावा, बॅटरी जोडा. इग्निशन चालू-बंद दोन-तीनदा करून पंपाला लाइन भरू द्या आणि प्रत्येक जोड फडक्याने पुसून, बोट फिरवून तपासा. ओल दिसली तर इंजिन सुरू करायचं नाही.

आता ईसीयूच्या टेस्ट मोडमधून पंप चालू ठेवा, इंजिन बंद. मॅनिफोल्डमध्ये या वेळी बाहेरचीच हवा असते, त्यामुळे नळी लावलेली असो वा काढलेली, आकडा एकच. रेग्युलेटरचा चेकनट सैल करा. ॲलन स्क्रू बाहेर घेऊन दाब २.५ बारपर्यंत उतरवा, मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव-पाव फेरा देत ३ बारवर या. वरून खाली येत ३ वर थांबू नका. स्प्रिंग आणि आट्यांच्या घर्षणामुळे दाब नंतर थोडा सरकतो. चेकनट आवळताना स्क्रू ॲलन की ने धरून ठेवा आणि आवळल्यावर आकडा पुन्हा वाचा. जवळपास दर वेळी तो किंचित हललेला असतो.

बेस किती ठेवायचा? इंजेक्टरचा कागद ज्या दाबाला मोजलेला आहे तोच. बहुतेकांचा ३ बार असतो, म्हणून ३. ट्यून करणाऱ्याने काही कारणाने ४ मागितला तर ४. मधलेच ३.३ वगैरे आकडे, थोडं रिच (पेट्रोल जास्त) हवं म्हणून, कधीच ठेवू नका. मिश्रण रिच करायची जागा ईसीयू.

यानंतर इंजिन सुरू करा, डोक्यावरची नळी काढून मॅनिफोल्डकडचं तोंड बंद करा. ३ बार दिसला पाहिजे. आता अल्टरनेटर चालू आहे, पंपाला जास्त व्होल्ट मिळतात, तो जास्त पेट्रोल ढकलतो. तरीही दाब ३ वरच असला तर रिटर्न मोकळा आहे. तोच ३.३ झाला तर रिटर्न अडखळतोय. अशा वेळी स्क्रू सोडून तो खाली आणाल तर बूस्टमध्ये, जेव्हा बहुतेक पेट्रोल इंजिनच पितं आणि रिटर्नमध्ये थोडंच उरतं, दाब घसरेल. उपाय मोठी रिटर्न लाइन. नळी परत लावल्यावर आयडलला दाब २.३ ते २.४ बारपर्यंत उतरला पाहिजे. न उतरल्यास नळी तुंबली आहे किंवा चुकीच्या जागी जोडली आहे.

एकास एकची खातरजमा, आणि पंपाची परीक्षा

ही पायरी गॅरेजमध्ये सहसा कुणी करत नाही. खरं तर अर्धे घोटाळे इथेच सापडतात. इंजिन बंद, पंप चालू. रेग्युलेटरच्या डोक्याला गेज असलेला हातपंप लावा. ०.५ बार द्या, रेल ३.५ दाखवेल. १ बार द्या, ४. १.५ द्या, ४.५. मग तोच व्हॅक्यूमच्या बाजूने. कुठे दाब मागे पडायला लागला तिथे पंपाची किंवा लाइनची मर्यादा आली. डोक्यातली हवा हळूहळू गळत असेल तर पडद्याला भोक आहे.

आता हातपंपाने १ बार धरून ठेवा, म्हणजे रेलवर ४ बार. रिटर्नची नळी टाकीपासून सोडवून जमिनीवर ठेवलेल्या धातूच्या कॅनमध्ये घाला. प्लॅस्टिकची बादली नको, स्थिर विजेची ठिणगी उडू शकते. बरोबर ३० सेकंद पंप चालवा आणि पेट्रोल मोजा. इंजिन बंद असल्याने पंपाचं सगळं पेट्रोल रिटर्नलाच येतं. लिटरला १२० ने गुणलं की ताशी आकडा मिळतो. वरच्या ३०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला १३० लिटर हवे होते, म्हणजे कॅनमध्ये जवळपास १.१ लिटर हवं. ही चाचणी साडेबारा व्होल्टच्या आसपास होते, चालू इंजिनात पंप याहून थोडं जास्तच देईल. तो फरक शिल्लक म्हणून राहू द्या, हिशेबात धरू नका.

कॅनमध्ये ८०० मिली आलं तर? आधी पंपाच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा, मग फिल्टर बदला, मग टाकीतली जाळी पाहा. पंप सगळ्यात शेवटी. पंप बदलणं सोपं वाटतं म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात, आणि नवा पंपही त्याच गंजलेल्या वायरवर उपाशी राहतो.

आता लॅपटॉप

ईसीयूत पहिल्यांदा इंजेक्टरचा प्रवाह भरा, तोही तुमच्या बेस प्रेशरवरचा. दुसरं, डेड टाइम. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून खरोखर उघडेपर्यंत जो वेळ वाया जातो, तो व्होल्टेज घटलं की वाढतो आणि दाब वाढला तरी वाढतो. साधारण १ मिलिसेकंद धरा. आयडलला एकूण पल्स २ मिलिसेकंदांचा असेल तर त्यातला निम्मा वायाच, आणि डेड टाइममध्ये ०.१ मिलिसेकंदाची चूक म्हणजे आयडलच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांची चूक. हेडलाइट लावल्यावर आयडल डळमळत असेल तर व्होल्टेजचं हे टेबल तपासा. नुसता दाब बदलून डेड टाइम जुनाच ठेवला तर वरचा मॅप जुळतो आणि खालचा फिसकटतो.

तिसरी गोष्ट, जिथे चांगले चांगले फसतात. ईसीयूत रेग्युलेटरचा प्रकार निवडायचा असतो: मॅनिफोल्डशी जोडलेला की ठरावीक दाबाचा. नळी जोडली आहे आणि ईसीयूत ठरावीक निवडलं, तर बूस्टची भरपाई दोनदा होते. गाडी चालते, पण फ्युएल टेबलचा आकार विचित्र होतो आणि हवामान बदललं की सगळं बिनसतं.

यानंतर वाइडबँड लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा) पाहत टेबल जुळवायचं. आयडल आणि क्रूझला (एकसारख्या वेगाला) लॅम्डा १.०, म्हणजे आदर्श मिश्रण; आकडा जितका कमी तितकं रिच. पूर्ण थ्रॉटलला टर्बोविना ०.८६ ते ०.९०, टर्बोला ०.७८ ते ०.८२. सुरुवात रिच बाजूने, इग्निशन टायमिंग मागे ठेवून आणि बूस्ट सगळ्यात कमी. डायनो (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजायचं यंत्र) किंवा बंद ट्रॅक. सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलचे लॉग घेत फिरू नका.

प्रत्येक लॉगमध्ये आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर, रेल प्रेशर, लॅम्डा, बॅटरी व्होल्ट आणि इंजेक्टर ड्युटी असू द्या. त्यातून एक नवी रेषा काढा: रेल वजा मॅनिफोल्ड. इथे गफलत होते. रेलचा सेन्सर सहसा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो आणि मॅनिफोल्डचा सेन्सर निर्वातापासूनचा. म्हणजे मॅनिफोल्ड २०० केपीए (२ बार) दाखवत असेल तर बूस्ट १ बारच आहे. रेलवर ४ बार असल्यास फरक ३.

ही रेषा सपाट हवी. ०.१ बार इकडेतिकडे चालतं. ०.३ बार घसरली तर पेट्रोल ५ टक्के कमी गेलं, ०.८० चा लॅम्डा ०.८४ झाला. पाय काढा आणि कारण शोधा. टेबलमध्ये त्या जागी पेट्रोल वाढवून ते झाकू नका. उद्या पंप गरम झाला की आणखी घसरेल. रेष सपाट असेल तरच पुढचा अर्धा पीएसआय बूस्ट. ईसीयूत सोय असेल तर बूस्टमध्ये हा फरक २.७ बारच्या खाली गेला की इंजिन कट करण्याची अट आजच घाला.

रेषा काय सांगते

आरपीएमबरोबर हळूहळू उतरत जाणारी रेषा म्हणजे पंप, फिल्टर किंवा वायर यांची मर्यादा. सोबत व्होल्टही उतरत असतील तर वायर. वळणावर किंवा ब्रेकवर अचानक खड्डा पडला, आणि टाकी अर्ध्याच्या खाली होती, तर पेट्रोल पंपापासून बाजूला लवंडलं. टाकीत आडभिंती किंवा स्वर्ल पॉट (पंपाजवळ पेट्रोल साठवून ठेवणारं छोटं भांडं) लागेल. लांब चालवल्यावरच दाब थरथरत असेल तर पेट्रोल गरम होऊन बुडबुडे येत आहेत. मोठा पंप आयडललाही सगळं पेट्रोल गरम इंजिनापाशी फिरवून आणतो, टाकी कमी भरलेली असली की ते लवकर तापतं. रेग्युलेटरची डोक्यावरची नळी काढल्यावर पेट्रोलचा वास किंवा ओल आढळली, काळा धूर आणि काळे प्लग असतील, तर पडदा फाटला. ती गाडी तशीच चालवू नका. ते पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय.

गरम गाडी पुन्हा सुरू व्हायला लांब सेल्फ लागतो, ही तक्रार फार येते. पंप थांबल्यावर दाब किती वेळात शून्याला येतो ते पाहा. पंप बंद झाल्यावरच, रबरी होजवर मऊ जबड्याचा क्लॅम्प लावून रिटर्न दाबा. दाब टिकला तर रेग्युलेटरची झडप गळते. टिकला नाही तर पुढच्या वेळी फीड दाबा. आता टिकला तर पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह. दोन्हीकडे नाही, तर इंजेक्टर गळतोय, आणि हे तिघांत सगळ्यात वाईट, कारण ते पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. पंप चालू असताना रिटर्न कधीही दाबू नका. अनेक आफ्टरमार्केट रेग्युलेटर मुळातच दाब धरून ठेवण्यासाठी बनवलेले नसतात. तसं असेल तर सेल्फच्या आधी ईसीयूला पंप दोन सेकंद जास्त चालवायला सांगा आणि विषय सोडून द्या.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी दोन ओळी. तिथे साधारण ०.२ ते ०.५ बार, म्हणजे ३ ते ७ पीएसआय लागतो, आणि साइड-ड्राफ्ट वेबरला त्यातलाही खालचा, ३ च्या जवळचा. त्याहून जास्त दाबाला सुई बसत नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. इंजेक्शनचा रेग्युलेटर एवढ्या खाली येतच नाही, त्यासाठी वेगळा घ्यावा लागतो.

काम झाल्यावर गाडी चांगली तापवून बंद करा, अर्ध्या तासाने बॉनेट उघडून प्रत्येक जोडावर पुन्हा कोरडं फडकं फिरवा. नवा होज तापला की क्लिपखाली दबतो आणि थंड असताना कोरडा असलेला जोड आता ओला सापडतो. हेच ५०० किलोमीटरने एकदा. त्याच वेळी बेस प्रेशर वाचून आधीच्या आकड्याशेजारी तारीख घालून लिहा. माझ्या बॉनेटच्या आतल्या बाजूला अशा तारखांचा एक स्टिकर आहे, आणि त्यातला शेवटचा आकडा पहिल्यासारखाच आहे.